राग वजा जाता उरलेली साखर

२७ ऑक्टोबर, सोमवार

ही वही कोणी वाचायची नाही. लिहितोय कारण बोलायची सोय उरलेली नाही. घरात आवाज चढला की ओदिलिया म्हणते, शेजारी ऐकतील. बेकरीत चढला की सासूबाई म्हणतात, गिऱ्हाईक ऐकेल. वहीला निदान कान नाहीत.

आज क्लिनिकमधून फोन. ओदिलियाला गरोदरपणातला डायबेटिस निघाला. सव्विसावा आठवडा चालू आहे. टेस्ट कशी केली? उपाशीपोटी नारिंगी पाकाची बाटली पाजली आणि तीन तास, दर तासाला रक्त काढलं. मग म्हणतात रक्तात साखर सापडली. पाक पाजल्यावर साखर नाही तर काय खोबरं सापडणार?

लग्नाला अकरा वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आता कुठे मूल टिकलंय, मुलगी आहे, लाथा मारते. आणि या लोकांना नेमकी आत्ता साखर दिसली.

बावीस वर्षं बेकरी चालवतोय. साखरेच्या पोत्यांवर बसून जेवलोय. साखरेबद्दल एवारिस्तो कांतूला कोणी शिकवू नये.

निश्चय: हे प्रकरण मी जातीने हाताळणार. ओदिलियाने फक्त आराम करायचा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

क्लिनिकमध्ये यादिरा नावाची शिक्षिका आहे. डायबेटिस शिकवते. अशी नोकरी असते हे मला माहीत नव्हतं. वय फार तर सव्वीस, आणि मला म्हणते, "मिस्टर कांतू, तुम्ही पण लिहून घ्या."

तिने प्लास्टिकचं जेवण मांडलं. प्लास्टिकचा भात, प्लास्टिकच्या शेंगा, मक्याच्या दोन एवढ्याशा तोर्तिया. दोन. आमच्याकडे दोन तोर्तिया म्हणजे ताट येईपर्यंतचा टाइमपास.

मग वारेचं पुराण. वार म्हणजे प्लॅसेंटा. म्हणे वारच अशी हार्मोन्स सोडते की आईच्या अंगातलं इन्सुलिन चालेनासं होतं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग पोटातलं पोर स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं आणि चरबी धरतं. आणि साखर फार काळ चढलेली राहिली की वार जाड होते, फुगते, पण तिच्या रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत, आणि बाळाला प्राणवायू कमी पडायला लागतो. ओदिलिया सगळं लिहून घेत होती. मध्येच तिने पोटावर हात ठेवला.

मी विचारलं, यात चूक कोणाची? यादिरा म्हणाली, कोणाचीच नाही. हे मला मान्य नाही. एक ट्रे करपला तरी चूक कोणाची तरी असतेच, आणि बहुतेक वेळा ती माझी नसते.

शिवाय इथे सीमेजवळच्या व्हॅलीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल साखर कशाने होते. धसक्याने होते आणि रागाने होते. ऑगस्टमध्ये एका गाढवाने पिकअप मागे घेताना थेट आमच्या काचेत घातली. ओदिलिया तेव्हा काउंटरवर होती. तिने जो धसका घेतला, तीच ही साखर. त्यात या पोरीने वारेच्या गोष्टी सांगून आणखी घाबरवलं. म्हणजे वाढणारच.

यादिराने विचारलं, घराण्यात कोणाला डायबेटिस? मी म्हटलं, ओदिलियाच्या आईला. आणि तुमच्याकडे? आमच्याकडे नाही. वडिलांना होता, पण तो रेल्वे फाटकावर ट्रक बंद पडला त्या धसक्याचा. त्यात त्यांचा पाय गेला. काकांना होता, तो कोर्टकचेरीचा. आत्याला होता, तो नवऱ्याचा. घराण्याचा असा नाही.

तर म्हणते, तुम्हीही एकदा तपासून घ्या. माझं काय पोट आलंय?

१ नोव्हेंबर, शनिवार

मृतांच्या सणाचा पाव, दोन दिवस नुसती झुंबड. आज पाठ टेकली ती आत्ता.

ओदिलियाला मार्रानितो खावासा वाटला. डुकराच्या आकाराचा गुळाचा पाव, आमच्या बेकरीची खासियत. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, डोहाळे मारले तर पोर उघड्या तोंडाने जन्माला येतं, माझी आई सांगायची. अर्धा दिला. राहिलेला अर्धा टाकून देण्यापेक्षा तोही दिला.

दोन तासांनी क्लिनिकने दिलेलं साखर मोजायचं मशीन म्हणतं १७१. हवा एकशेवीसच्या आत. ओदिलिया रडायला लागली. माझं डोकं फिरलं. मशीनची परीक्षा घ्यायची ठरवली. धडधाकट माणसाचं बोट टोचून बघायचं. धडधाकट माणूस हाताशी होताच.

माझा आकडा २६८.

हसूच आलं. पुरावा मिळाला. मशीन खोटं.

सासूबाई, दोन्या एर्नेस्तिना, काउंटरवरून बघत होत्या. म्हणाल्या, हात धू, बोटांना साखर आहे तुझ्या. साबणाने धुतले. २५९. म्हणजे साबणाने नऊ गेले.

मला काही होत नाही. तहान लागते, ती ओव्हनसमोर कोणालाही लागेल. लघवीला जावं लागतं, ते सोड्यामुळे. पायाची बोटं बधिर होतात, कारण बावीस वर्षं उभा आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, तो वयामुळे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस विचार केला आणि कोडं सुटलं.

मशीन खोटं नाही. ते प्रामाणिक आहे, पण मूर्ख आहे. ते साखर आणि राग एकत्र मोजतं. मी त्या दिवशी यादिरावर आणि काचेवाल्या गाढवावर भडकलेलो होतो. माझी खरी साखर फार तर शंभर. वरचे एकशे अडुसष्ट रागाचे.

मग ओदिलियाच्या आकड्यातही धसका आलाच की. तो काढल्याशिवाय डॉक्टरांना खरी साखर दिसणार कशी? वजनातून टोपलीचं वजन वजा करतो की नाही आपण?

क्लिनिकचा कागद भरायचं काम माझ्याकडे आहे. ओदिलिया टोचते, मशीन बघते, नोंद मी रात्रीचं जेवण झाल्यावर एकहाती सुवाच्य अक्षरात करतो. आजपासून धसक्याचे तीस वजा. मी न्यायी माणूस आहे. माझ्या हिशोबाने शंभर वजा करायला हवे होते.

निश्चय: ओदिलियाच्या सोबतीने मीही पथ्य पाळणार. उद्यापासून.

५ नोव्हेंबर, बुधवार

पथ्य सकाळी सातपर्यंत पाळलं. मग कोन्चांचा, म्हणजे शिंपल्यासारख्या गोड पावांचा, नवीन घाणा चाखावा लागला. चाखणं म्हणजे खाणं नव्हे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्लिनिक. यादिराने कागद पाहिला. ९१, ८८, १०९, ११४. म्हणाली फारच छान, औषध लागणार नाही असं दिसतंय. ओदिलियाने माझा हात धरला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मशीनवर मला सारखे एकशेचाळीस, एकशेपन्नास दिसतात रे. मला वाटलं होतं ते वाईट असतात. पण त्यांनी पाहिले आणि छान म्हणाल्या, म्हणजे ठीकच असणार."

मी म्हटलं, तेच तर. शिकलेले लोक आहेत ते.

डोकं शांत ठेवलं की सगळं होतं. फक्त पार्किंगमध्ये एकाने वाकडी गाडी लावली होती, त्याला चार शब्द सुनावले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की, भोपळ्याचं सारण भरलेल्या एम्पनाद्या, गोड रताळी. सासूबाईंनी ओदिलियाच्या ताटात टर्की आणि कोशिंबीर वाढली आणि स्वतः जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई घेतली, सगळ्यांच्या देखत, मीठ घ्यावं तशी.

मी सहज म्हटलं, दोन्या, तुम्हाला कसला धसका बसला होता? त्या म्हणाल्या, "मिहो, बाळा, मला घाबरवायला कोणी आलं नव्हतं. मी फक्त खात होते आणि माझी आईही खात होती."

या वयात माणसाची स्मरणशक्ती जाते. रागावलो नाही. एम्पनादी घेतली. ओदिलियाला अर्धी दिली, सण आहे म्हणून. १८८. सणाचा धसका धरून पन्नास वजा, तरी १३८ उरले. ते बरे दिसेनात. १०८ लिहिले.

३ डिसेंबर, बुधवार

पहाटे चारला भट्टी लावताना स्वतःला टोचून पाहिलं. फक्त शास्त्र म्हणून. ३१२. आदल्या दिवशी मैदावाल्याशी भांडण झालं होतं. हिशोब तंतोतंत जुळतो.

सकाळी सोनोग्राफी. या वेळी क्लिनिकच्या डॉक्टर पालासियोस बाई स्वतः आल्या. बत्तिसाव्या आठवड्यात बाळ चौतीस आठवड्यांएवढं, पोटाचा घेर सगळ्यात जास्त. गर्भजल जास्त. वार जाड.

मी म्हटलं, कांतूंची पोरं दणकट असतात. मी स्वतः पावणेदहा पौंडांचा होतो. त्यांनी मान हलवली आणि माझा कागद पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मिस्टर कांतू, कागद एक सांगतो आणि पोट दुसरं सांगतं. मी पोटावर विश्वास ठेवते. पुढच्या वेळी मशीन घेऊन या."

बावीस वर्षांत माझ्या अक्षरावर कोणी संशय घेतला नव्हता. घरी येईपर्यंत दात ओठ खात होतो. ओदिलियाने सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, वार जाड म्हणजे वाईट का? मी म्हटलं, जाड म्हणजे मजबूत. पावाचंही तसंच असतं, जाड कवच असलं की आतलं मऊ राहतं.

ती हसली. मला इतकं बरं वाटलं की एक अख्खा कोन्चा खाल्ला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ग्वादालुपेच्या मातेचा दिवस. पहाटेच चर्चला गेलो. ओदिलियाला उभं राहवेना, पायांना सूज. मी मातेला स्पष्ट सांगितलं, अकरा वर्षं वाट बघितली आहे, आता मध्ये कोणी यायचं नाही. यादिराही नाही.

मागे वळून पाहिलं तर यादिरा मागच्याच बाकावर. तिने मान लववली. मीही लववली. चर्चमध्ये काय करणार?

१८ डिसेंबर, गुरुवार

मशीन न्यायचं होतं. सकाळी सापडलं नाही. सापडलं नाही कारण मी ते काल मैद्याच्या डब्यात ठेवलं होतं. का ठेवलं? कारण त्यात माझेही आकडे आहेत, आणि अर्धवट ज्ञानाच्या माणसांना ते समजणार नाहीत. ते उगाच साखर समजतील.

डॉक्टर बाईंनी बोट तिथेच टोचलं. १६३. ओदिलिया म्हणाली, सकाळी काही खाल्लं नाही. मी म्हटलं, सुईचा धसका. डॉक्टर बाईंनी आकडा स्वतः लिहून घेतला.

आता आठवड्यातून दोनदा यायचं. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके बघणार. डॉक्टर बाई स्वतः आता पाच जानेवारीला भेटणार, तेव्हा मशीन आणलं नाही तर ओदिलियाला दाखल करून घेऊन तपासणार म्हणाल्या. मी म्हटलं, हॉटेल आहे का. हे मनात म्हटलं.

घरी आल्यावर मशीन काढून पुसलं. बटणांच्या फटीत मैदा गेलाय.

२४ डिसेंबर, बुधवार

तामाले, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले. अकरा डझन. लिहायला वेळ नाही. ओदिलियाला तीन दिले, सासूबाईंनी दोन परत काढून घेतले. आमच्यात जोराची बोलाचाली झाली. मी म्हटलं, माझ्या घरात माझं पोर उपाशी राहणार नाही. त्या म्हणाल्या, तुझं पोर उपाशी नाही, तुझं पोर बुडतंय.

शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. ख्रिसमस होता म्हणून सोडून दिलं.

२ जानेवारी, शुक्रवार

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण मंगळवारी. रोस्क्यांच्या ऑर्डर तीनशे चाळीस. गोल मोठा पाव, वर रंगीत फळं, आत प्लास्टिकचं एवढंसं बाळ लपवलेलं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने फेब्रुवारीत सगळ्यांना तामाले घालायचे. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा.

डॉक्टर बाईंकडची ठोक्यांची तपासणी नेमकी सोमवारी पाच तारखेला. क्लिनिकमधल्या माणसांना राजे माहीत नाहीत का? सगळी इथलीच माणसं. फोन केला. आठ तारखेची वेळ मागून घेतली. तिकडची बाई म्हणाली डॉक्टरांना विचारून सांगते. मी म्हटलं, विचारा, पण आठच द्या. फोन ठेवला.

ओदिलियाला सांगितलं, क्लिनिकनेच पुढे ढकलली. तिने हो म्हटलं. अलीकडे ती सगळ्याला हो म्हणते, आणि खूप पाणी पिते.

५ जानेवारी, सोमवार, सकाळी नऊ

काल दुपारपासून उभा आहे. दोनशे दहा झाले. प्लास्टिकची बाळं पावाच्या बुडाला खुपसायची, रोस्का भाजल्यावर. ते काम ओदिलिया बसून करते. आज म्हणाली, "सकाळपासून ही फारशी हलली नाही."

मी म्हटलं, मोठी झाली, जागा उरली नाही. शिवाय झोपत असेल, आपण सगळे काल रात्री किती गोंधळ करत होतो. तिने मान हलवली. पोटावर हात ठेवून बसली, दुसऱ्या हाताने बाळं खुपसत राहिली.

दुपारी साडेतीन

ओदिलियाने थंड पाणी प्यायलं, डाव्या कुशीवर पडून मोजलं. दोन तासांत तीनदा. यादिराने दहा सांगितले होते म्हणे. मी म्हटलं, यादिरा सांगते तेवढं सगळं केलं असतं तर आपण दोन तोर्तियांवर मेलो असतो. एवढे साठ रोस्के भट्टीतून निघू देत, मग जाऊ.

सासूबाईंनी काउंटरवरची पाटी उलटी केली. बंद. पाच जानेवारीला. दारात वीस माणसं उभी होती. मी ओरडलो. बराच ओरडलो. त्यांनी ओव्हनसमोरून माझ्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि म्हणाल्या, "तू पाव बघ. मी माझ्या मुलीला नेते."

आणि नेली. मला न विचारता. माझी गाडी.

वही लिहितोय कारण हात थरथरतायत आणि या हातांनी रोस्का उचलता येत नाही. हा राग आहे. राग आहे हा.

६ जानेवारी, मंगळवार

क्रमाने लिहितो.

काल पाचला हॉस्पिटलात पोहोचलो, शेजाऱ्याच्या गाडीतून. अंगावर एप्रन तसाच. ओदिलियाच्या पोटाला पट्टा होता. ठोके पडत होते, पण डॉक्टर बाई म्हणाल्या, जसे वरखाली व्हायला हवेत तसे होत नाहीत. वार दमली आहे. बाळाला आतून मिळायला हवं ते मिळत नाही. आजच बाहेर काढायचं.

त्यांच्या हातात मशीन होतं. सासूबाईंनी ओदिलियाच्या पर्समध्ये टाकून आणलेलं. बटण दाबत दाबत त्या मागे जात होत्या.

"ओदिलिया, तीन डिसेंबर, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. तीनशे बारा. तू पहाटे चारला उठून तपासत होतीस?"

ओदिलिया म्हणाली, "पहाटे चारला मी झोपलेली असते. तेव्हा फक्त..." आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर बाई शांतपणे बोलल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं पडलं असतं. "मला आत्ता तिचं इन्सुलिन ठरवायचं आहे. यातले तिचे कोणते ते कळल्याशिवाय मी अंदाज बांधू शकत नाही. जास्त दिलं तर तिचा जीव जाईल. मिस्टर कांतू, हे तीनशेच्या वरचे कोणाचे?"

मी म्हटलं, माझे.

"आणि कागदावरचे?"

तेही माझेच, म्हटलं.

 मला रागाचं गणित समजावून सांगायचं होतं. सुरुवातही केली, धसका, टोपलीचं वजन, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, एवारिस्तो, गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा बसलो.

ओदिलिया रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे त्या मला छान म्हणत होत्या, तेव्हा त्यांनी माझे आकडे पाहिलेच नव्हते?"  मग तिला आत नेलं.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. नऊ पौंड सहा औंस, छत्तिसाव्या आठवड्यात. गुबगुबीत, लाल. मी कोणाला तरी सांगायला निघालो होतो, बघा, कांतू. तेवढ्यात नर्स तिला घेऊन पळाली. जलद श्वास. साखर चोवीस.

मी म्हटलं, चोवीस म्हणजे कमी, मग चांगलंच की. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि तिला माझी कीव आली, हे मला स्पष्ट दिसलं. ती म्हणाली, आतापर्यंत तिला आईची साखर वारेतून भरपूर मिळत होती, म्हणून तिचं शरीर भरपूर इन्सुलिन बनवायला शिकलं. आता नाळ कापली, साखर थांबली. इन्सुलिन थांबलं नाही.

यादिराने हे सगळं ऑक्टोबरात सांगितलं होतं. मी तेव्हा प्लास्टिकच्या तोर्तिया मोजत होतो.

बेकरीत एकशेतीस रोस्के दिले गेले नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, आणि हे लिहिताना मलाच आश्चर्य वाटतंय.

९ जानेवारी, शुक्रवार

काचेची पेटी. हाताच्या शिरेत साखरेच्या पाण्याची नळी, नाकाशी नळी. मुलीचं नाव ओदिलियाने एकटीने ठेवलं, अम्पारो. मला विचारलं नाही. विचारायला मी कोण?

दर तीन तासांनी टाचेला टोचतात. एवढीशी टाच, तिच्यावर निळे डाग. एकतीस. चव्वेचाळीस. अडतीस. पन्नास. नर्स आकडा मोठ्याने सांगते, मी मनात काही वजा करायला जातो आणि तिथे वजा करायला काहीच नाही. तिला राग नाही. तिला धसका नाही. ती चार दिवसांची आहे.

वारेचा रिपोर्ट आला. हवी त्यापेक्षा बरीच जड. आतल्या वाहिन्या पुऱ्या पिकलेल्याच नाहीत, काही ठिकाणी रक्तपुरवठा बंद पडलेला. डॉक्टर बाई म्हणाल्या, आणखी तीन दिवस थांबलो असतो, म्हणजे आठ तारखेपर्यंत, तर त्यांना माझ्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. आठ तारीख मीच मागून घेतली होती.

मग म्हणाल्या, अम्पारो यातून बाहेर पडेल असं दिसतंय, पण तिला पुढे वजन आणि डायबेटिस दोन्ही जपावं लागेल, ओदिलियालाही. आणि तुमचं रक्त आज खाली लॅबमध्ये द्या. मी म्हटलं, मी चिडलेलो आहे, आत्ता दिलं तर बरोबर येणार नाही. त्या म्हणाल्या, ही टेस्ट तीन महिन्यांची सरासरी सांगते, मिस्टर कांतू. तीन महिने चिडलेले होतात का?

होतो. पण तसं म्हटलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

लॅबचा आकडा ११.२. साडेसहाच्या वर गेलं की डायबेटिस.

प्रथम वाटलं, लॅबवाल्यांनी कोणा दुसऱ्याचं रक्त घातलं असेल. मग वाटलं, लॅबमधली हवा. मग लक्षात आलं की हे मी मनात अगदी सुवाच्य अक्षरात लिहितोय. वडिलांचा पाय डोळ्यांसमोर आला. रेल्वे फाटकाच्या आधीही ते ओव्हनजवळ पाण्याचा जग घेऊन बसायचे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आज दुपारनंतर अम्पारोची नळी काढली. साठ, पासष्ट, बहात्तर. हे आकडे मी कोणाला सांगितले नाहीत, ओदिलियाला नर्सनेच सांगितले.

१४ जानेवारी, बुधवार

घरी आलो. सासूबाई पुढच्या सीटवर, ओदिलिया मागे पोरीजवळ. मी गाडी चालवली. कोणी वाकडी गाडी घातली तरी काही बोललो नाही. एकाने घातली.

घरी आल्यावर बोलायला गेलो. सगळं ठरवून ठेवलं होतं: आता पथ्य, रोज चालणं, साखरेशिवायचे मार्रानितो, क्लिनिकचा कागद यापुढे अगदी... ओदिलियाने मध्येच थांबवलं. तिने पोरीचा पायमोजा काढून टाच दाखवली.

"एक्केचाळीस वेळा टोचलंय," ती म्हणाली. "मी मोजलंय. तू रोज सकाळी एकदा माझ्यासमोर बोट पुढे करायचं. एक्केचाळीस दिवस. आकडा मी लिहीन. त्यानंतर तुला काय म्हणायचं ते ऐकेन."

मी म्हटलं, आणि तोवर? ती म्हणाली, तोवर गोळ्या घे.

आमच्यात बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. माझा एक दिवस जास्त.

१७ जानेवारी, शनिवार

बेकरी उघडली. सासूबाईंनी गोळी दिली, पाण्याबरोबर. यादिराचा फोन आला होता, अम्पारो कशी आहे विचारायला. मी म्हटलं, दूध पिते, रडते. ती म्हणाली, आणि तुम्ही, मिस्टर कांतू? मला तिच्यावर रागवायला काही सापडेना. बरा आहे म्हटलं. मग म्हटलं, नाही, बरा नाही.

सकाळी ओदिलिया पोरीला पाजत होती. मी शेजारी बसलो, बोट पुढे केलं. तिने एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने टोचलं. दुखलं. मोठ्या माणसाच्या बोटालाही दुखतं, हे मी इतके दिवस लिहिलं नव्हतं.

मशीन थोडा वेळ घेतं. तेवढ्यात मी सांगणार होतो, काल झोप नीट झाली नाही, पोर रडत होती, पाठ... ओदिलियाने वर पाहिलं. मी गप्प राहिलो.

२४१.

तिने लिहिलं २४१. खाली लिहिलं, दिवस तिसरा. आपली स्वतःची वही मिटून उशाखाली ठेवली आणि अम्पारोला दुसऱ्या बाजूला घेतलं.